तीनदा ठोकून थांबणारा

एकसष्टाव्या वर्षी मी एक बिनवायरीचं ड्रिल मशीन घेतलं, आणि तेच का घेतलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: त्याचा रंग पोपटी होता. स्वयंपाकघराच्या टाइल्सही पोपटी होत्या. दोन्ही एकत्र शोभतील, असं त्या बाईला वाटलं. ती बाई म्हणजे मीच, पण आज सत्तरीतून तिच्याकडे बघताना तिला ‘मी’ म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय डब्यात शंभराच्या वर तुकडे होते. बारीक बिटं, जाड बिटं, स्क्रू, एक खेळण्यातली वाटावी अशी हातोडी, आणि एक मोजपट्टी, जी एकदा बाहेर आली ती परत आत गेलीच नाही.

ही लहान चूक. मोठी पुढे येते. ती सांगण्याआधी मला अजूनही घोटभर पाणी प्यावं लागतं.

‘हे घेऊ नका’ असं मला आधीच सांगणारा एक माणूस होता. कोपरखैरण्याच्या बाजारात, चपलांच्या दुकानाला लागून, अर्ध्या शटरएवढ्या जागेत त्याचं दुकान होतं. ड्रिल, ग्राइंडर, मिक्सर, जे फिरतं ते सगळं दुरुस्त करायचा आणि दुरुस्त केलेली जुनी मशीनं विकायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. माणूस इथलाच, गावठाणातला. बापाचं आयुष्य मिठागरात गेलं, याचं पावण्याच्या कारखान्यांत. उंच, वाळका, आणि उजव्या कानाजवळचे केस कायम चपटे, झोपून उठल्यासारखे.

ते केस चपटे का, हे तो तुमच्या घरी आला की कळायचं. भिंतीला भोक पाडण्याआधी तो मधल्या बोटाच्या पेराने तिच्यावर तीनदा ठोकायचा. मग कान लावायचा आणि थांबायचा. डोळे उघडे, पण कशावरच नसलेले. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, भिंत पोकळ की भरीव ते बघायला टकटक करणारे. त्यांचं काम क्षणात होतं. हा थांबायचा. समोरचा माणूस उगाच घसा खाकरेपर्यंत थांबायचा. मग एक तर ‘लावतो’ म्हणायचा, नाही तर ‘हिथं नको’ म्हणून वीतभर बाजूला सरकायचा. लोकांना वाटे, याला आतल्या वायरी ऐकू येतात. त्याच्या तेलकट केसांचा एक गोल डाग आमच्या सेक्टरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर, एकाच उंचीवर, सापडला असता.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांशी त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. “आमच्या घराला बेल हाय,” ती सांगायची, “तरी हे दार ठोकतात. तीनदा. दार उघडं असलं तरी उंबऱ्याच्या भायेर उभे. मी ‘या’ म्हनीपर्यंत आत पाय नाय. पाव्हना बरा.” तो मान खाली घालून जेवत राहायचा.

मी त्याच्याकडे गेले कारण मला घाई होती. आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. दवाखान्यातून सोडायला दहा दिवस होते, आणि व्यायाम करून घेणारी मुलगी घरी येऊन पेन्सिलीने खुणा करून गेली होती: न्हाणीघरात दोन दांडे, आणि बेडरूमपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात एक लांब दांडा. “काकू, हे बसल्याशिवाय त्यांना घरी आणू नका. पुन्हा पडले तर उठणार नाहीत,” ती म्हणाली होती. त्याच सुमारास आमच्या घराची डागडुजी अर्ध्यावर आली होती, आणि कंत्राटदार दुसऱ्या कामाला निघून गेला होता. हातात उरलं होतं ते औषधांसाठी. तेव्हा मी ठरवलं की मशीन स्वस्तातलं घ्यायचं आणि उरलेलं सगळं आपणच करायचं. दांडे, फळ्या, पडद्यांचे रॉड, सगळं. बाईने आयुष्यात खिळाही सरळ ठोकला नव्हता.

मिस्त्रीने माझ्यापुढे तीन जुनी मशीनं मांडली. “बाय, एकेक धरा. हात वर करा. डोक्याच्या वर. आनि मनात तीस मोजा.”

“कशाला?”

“पडद्याचा रॉड काय जमिनीवर लावनार हाव?”

माझ्या बाजूला आणखी एक गृहस्थ तसेच मशीन वर धरून उभे होते. येणारे-जाणारे बघत होते. दरोडा पडल्यावर हात वर करतात तसे आम्ही दोघं चपलांच्या दुकानाशेजारी उभे. अठराला माझं मनगट थरथरलं.

“हे नको तुमाला,” तो म्हणाला. “ताकद हाय, पन वजन मारील. ते दुसरं घ्या. बॅटऱ्या दोन हव्यात, एक भरत असताना दुसरी चालंल. ही बॅटरी उद्या मेली तर बाजारात मिळते का, ते इचारा. आनि ठोक्याचं बटन हवंच. तुमच्या बिल्डिंगचे खांब नुसतं फिरवून नाय ऐकनार, त्यांना मागून धक्के द्यावे लागतात.”

मी डब्यात किती तुकडे आहेत विचारलं.

“तुकडे कशाला मोजता? तुमाला लागनार तीन.”

मी बरं म्हटलं, घरी जाते म्हटलं, आणि रिक्षा करून मॉलमध्ये गेले. तिथे सेल होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पोपटी.

त्या पोपटाने न्हाणीघरातली एक टाइल तडकवली आणि तिच्यामागच्या काँक्रीटमध्ये, अख्ख्या सकाळीत, मोहरीचा दाणा बसेल एवढा खड्डा केला. ठोक्याचं बटण नव्हतं. बॅटरी एकच, ती दर दहा मिनिटांनी मान टाकायची आणि मग तासभर चार्जरवर पडून राहायची. मी मशीन पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, मिस्त्रीकडे गेले. त्याने कोथिंबीर बाजूला केली, आत बघितलं, पुन्हा वर ठेवली. तो हसला नाही. त्याची बायको दोघांच्या वाटचं हसली.

“बुधवारी दुपारी येतो,” तो म्हणाला. “माजं मशीन घेऊन.”

आमचे हे शुक्रवारी यायचे होते.

बुधवारी तो आला. त्याचं मशीन निळं होतं, रंग उडून मूठ पांढरी पडलेलं. न्हाणीघरात त्याने टाइलवर चिकटपट्टी लावली, ठोका बंद ठेवून आधी टाइलला अलगद भोक पाडलं, मग ठोका चालू करून मागच्या काँक्रीटला. प्रत्येक भोकाआधी तीन टकटक, कान, आणि ते थांबणं. मला ओट्यावर शंभर कामं होती.

“मिस्त्री, भिंतीला एवढं काय विचारता?”

“भिंतीला नाय,” तो कान न काढता म्हणाला. “पल्याड कोन असंल तर त्याला बाजूला व्हायला वेळ नको?”

त्या भिंतीच्या पलीकडे आमच्याच बेडरूमचं कपाट होतं. मी तसं म्हटलं. “बरं,” म्हणाला, आणि तरीही थांबला.

दोन दांडे बसले. मग तो बोळात आला. पेन्सिलीच्या खुणेवर ठोकलं. कान लावला. मी मागे हातात चहा घेऊन उभी. चहावर साय आली तरी तो तसाच. मग त्याने दुसऱ्यांदा ठोकलं, जे तो कधी करत नसे. आणि मी पाहिलं की त्याच्या हातावरचे केस उभे राहिले आहेत. भर दुपारी, पंख्याखाली.

“हिथं नको,” तो म्हणाला.

“वायर आहे का?”

“वायर नाय.”

“पाइप?”

“नाय.” त्याने कान काढला. “कोन तरी हाय.”

मला हसू आलं. खरंच आलं. “अहो मिस्त्री, पलीकडचं घर दोन वर्षं बंद आहे. ते गृहस्थ बायको गेल्यावर मुलीकडे पुण्याला राहायला गेले. दाराला हे एवढं कुलूप आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“बगितलंत?”

“रोज जाता-येता बघते.”

डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा आणि पेशंटने तो ऐकावा तसं त्याने माझं बोलणं ऐकलं. मग म्हणाला, “मंग माज्याच कानात असंल.” तो खाली बसला आणि मशीन फडक्यात गुंडाळायला लागला. “तरी हिथं नको. वीतभर सरकवा.”

“कुठे सरकवू? इकडे न्हाणीघराचं दार, तिकडे स्विचबोर्ड. परवा माणूस घरी यायचाय माझा.”

“उद्या संध्याकाळी येऊन परत बगतो. मशीन नेतो बरोबर,” तो म्हणाला. मला तो ओळखून होता. पण माझ्या पलंगाखालच्या पोपटाचा त्याला विसर पडला होता.

गुरुवारी सकाळी दहाला मी पोपट बाहेर काढला. ही भिंत काँक्रीटची नव्हती, साधी विटांची होती, त्यामुळे त्याचं थोडंफार चालत होतं. मी ठोकलं नाही. मुद्दाम ठोकलं नाही. पदर खोचला आणि भिंतीशी कुस्ती धरली. विटेची लाल पूड हातावर, साडीवर, चष्म्यावर. आवाज असा की माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. पहिलं भोक बोटाच्या दोन पेरांएवढं गेलं. दुसरं सुरू केलं, आणि बॅटरी मेली.

मशीन थांबलं की खोलीत एक वेगळीच शांतता होते. कान तिच्यात धडपडतात. मी घाम पुसला.

आणि भिंतीतून तीनदा ठोकलं गेलं.

टक, टक, टक. हळू. माझ्या बोटांच्या समोर, पलीकडून.

पहिला विचार असा आला की मिस्त्री माझी गंमत करतोय. दुसरा, माझा हात अजून थरथरतोय, त्याचाच आवाज. मी हात भिंतीवरून काढला, पदरात धरला आणि उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले. परत आलं. टक, टक. तिसरं आलंच नाही. त्याऐवजी काहीतरी घासत खाली गेल्याचा आवाज, जमिनीपर्यंत.

आता ती मोठी चूक सांगते. माझ्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत चार पावलं आहेत. त्या सकाळी मी ती चालले. शेजारच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं, हो. पण जे दोन वर्षं बाहेरून लटकत होतं ते आता आतल्या बाजूने लटकत होतं. बाहेर बाहेर म्हणून मी रोज बघत होते ते कुलूप, आणि काल दुपारी छातीवर हात ठेवून ज्याची ग्वाही दिली ते कुलूप, आतून लावलेलं होतं.

मी मिस्त्रीला फोन केला. मला वाटतं मी फक्त “आहे” एवढंच म्हणाले. तो बनियनवरच आला, खांद्यावर पंचा, हातात निळं मशीन. त्याने जाळीतून हात घालून कुलूप चाचपलं, मशीनला जाड बिट लावलं, बिटाचं टोक कुलपाच्या भोकावर टेकवलं. आणि मग मशीन खाली घेतलं.

त्याने जाळीवर तीनदा ठोकलं.

“आता काय ठोकताय,” मी ओरडले. “फोडा.”

तो थांबला. जिन्यात आम्ही दोघंच. त्याचा कान गजांना लागलेला, कशावरच नसलेले ते डोळे माझ्याकडे. आतून, खूप खालून, जमिनीलगत, एक टक आली. मिस्त्रीच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं नव्हे, हसणंही नव्हे. उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाला कोणी ‘या’ म्हटल्यावर निघावा तसा. मग त्याने मशीन लावलं. जाळीचं कुलूप आणि आतल्या दाराचं लॅच, दोन्ही मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

शेजारचे गृहस्थ बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून पडले होते. बुधवारी पहाटेच्या बसने आले होते, काही कागद न्यायला, कोणाला न कळवता. नऊच्या सुमारास स्टुलावरून पडले. खुबा मोडला होता, घसा इतका कोरडा की आवाज फुटत नव्हता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. हातात चष्म्याचं घर होतं, त्याने ठोकत होते. मी चमच्याने पाणी पाजलं. ओठ ओले झाल्यावर ते म्हणाले, “काल कोणीतरी ठोकलं. मी उत्तर दिलं. दोनदा दिलं. मग ते निघून गेले.”

मिस्त्री माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तो भिंतीकडे बघत होता. आमच्या भिंतीची ती दुसरी बाजू.

दवाखान्याची गाडी त्यांना घेऊन गेल्यावर आम्ही जिन्यात बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, “मला ऐकू आलेलं, बाय. मीच मानलं नाय.”

“मी कुलूप आहे म्हणाले म्हणून.”

“त्यापायी नाय.” त्याने पंच्याने मशीनची मूठ पुसली. “मला येतंच उत्तर. वीस वर्सं झाली. समद्यांतनं नाय, पन एखाद्या भिंतीतनं येतं. म्हनून कळत नाय, खरं कुठलं.”

आणि मग सांगितलं. मोजकंच. पावण्याच्या एका शेडमध्ये मधल्या पत्र्याला भोकं पाडायची होती. जेवणाची सुट्टी झाली होती, त्याला वाटलं पलीकडे कोणी नाही. त्याचा जोडीदार पत्र्याला पाठ टेकून डबा खात होता. “दवाखान्यात दोन दिवस होता. मंग नाय. ठोकलं असतं तर उठून बाजूला झाला असता. एवढंच करायचं होतं. ठोकून थांबायचं.”

“आणि उत्तर देतो तो...”

“तोच,” मिस्त्री म्हणाला, पाऊसपाणी सांगावं तसं. “दिलं की मी सरकतो बाजूला. त्याची जेवायची जागा असंल.”

आमच्या सेक्टरातल्या किती पडद्यांचे रॉड वीतभर सरकले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून गेले. मला घाबरायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, “चहा टाकते.”

संध्याकाळी तो बोळात आला. माझ्या भोकांवर हात फिरवला, तिरपी आहेत म्हणाला. ठोकलं, कान लावला, आणि इतका वेळ थांबला की मीही दुसऱ्या टोकाला, माझ्याही नकळत, कान लावून उभी राहिले. भिंत गार होती. आत काही नव्हतं. “लावतो,” तो म्हणाला. शुक्रवारी आमचे हे आले, उजव्या हाताने तो दांडा धरला आणि चालले. आजही चालतात. त्या दांड्याच्या वर मिस्त्रीच्या केसांचा डाग आहे. दोनदा रंग मारला, महिन्याभरात वर आला. आता आम्ही त्याला हात लावत नाही.

शेजारच्यांचा खुबा जुळला, ते पुण्याला आहेत. येताना आधी फोन करतात आणि आल्यावर भिंतीवर ठोकतात. पोपट मी मिस्त्रीला देऊन टाकला. त्याने तो दुकानात टांगला, आणि कोणी तुकडे मोजायला लागलं की वर बोट दाखवायचा.

गेल्या माघात तो गेला. दुकानातच, स्टुलावर, मांडीवर उघडलेलं ग्राइंडर. मला चौथ्या दिवशी कळलं, तशीच निघाले. गावठाणातलं त्याचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. दाराशेजारी बेल होती, तिचं बटण नवंकोरं, कधी दाबलंच नसल्यासारखं. माझा हात तिच्याकडे गेला आणि परत आला. मी तीनदा ठोकलं आणि थांबले.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग आतून तिचा आवाज, अगदी दाराजवळून, “कोन?” मी नाव सांगितलं. कडी निघाली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रिकाम्या गल्लीत. पाणी आणून दिलं. जी बाई दोघांच्या वाटचं बोलायची ती गप्प बसली होती. मी म्हटलं, दार उघडायला वेळ लागला, झोपला होतात का.

ती म्हणाली, “झोपले नवते, बाय. हे घरात येताना ठोकायचे, तुमाला म्हाईत हाय. परवा दुपारी ठोकलं. तीनदा. मी उठले, कडीला हात लावला, आनि मंग नाय उघडलं. म्हटलं, ऱ्हाऊ दे, थांबायची सवय हाय त्यांना.”